चार कानांचं कोकरू

बेल्जियममधल्या गेन्ट शहरात सेंट बाव्हो कॅथीड्रल आहे. तिथल्या एका भव्य चित्रात वेदीवर कोकरू उभं आहे. त्याच्या छातीतून रक्ताची धार सोन्याच्या पेल्यात पडते आहे, भोवती देवदूत गुडघे टेकून बसले आहेत आणि हिरव्या कुरणातून चारी बाजूंनी संत, हुतात्मे, प्रेषित यांचे थवे येऊन थांबले आहेत. हे कोकरू म्हणजे ख्रिस्त. युरोपच्या चित्रकलेत याहून मानाचं जनावर दुसरं नसेल. आणि १९५१ पासून पुढची साधारण सत्तर वर्षं या जनावराला चार कान होते.

या कानांचा हिशेब असा. दुसरं महायुद्ध संपल्यावर ब्रसेल्समध्ये पॉल कोरेमान्स यांच्या देखरेखीखाली या चित्राची तपासणी आणि दुरुस्ती झाली. प्रत्यक्ष काम करणारे हात आल्बेर फिलिपो यांचे. कोकराच्या डोक्याभोवतीचा रंग मूळचा नाही, मागाहून कुणीतरी चढवलेला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेवढा भाग त्यांनी उतरवला आणि खालून कान निघाले. मूळ चित्रकाराने काढलेले. पण जे कान सगळ्यांच्या ओळखीचे होते तेही जागेवर होतेच, कारण ते चेहऱ्याबरोबर वरच्या रंगात होते. या मंडळींनी चेहऱ्याला हात लावला नाही. दोन खालचे, दोन वरचे अशा चार कानांनिशी कोकरू चर्चमध्ये परत गेलं.

त्यांच्या या थांबण्याचं मला फार कौतुक वाटतं. का, ते पुढे येईलच.

हे चित्र ‘गेन्टची वेदी’ या नावानं ओळखलं जातं. बिजागऱ्यांवर उघडमीट होणारे लाकडी फलक, उघडल्यावर साधारण साडेतीन मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद. चौकटीवरच्या चार लॅटिन ओळी सांगतात की काम ह्यूबर्ट फान आइकनं सुरू केलं, धाकट्या यान फान आइकनं पुरं केलं, पैसे योस व्हेइट या धनिकानं दिले आणि तारीख ६ मे १४३२. त्यानंतर या चित्राच्या वाट्याला जे आलं ते एखाद्या राजघराण्याच्याही वाट्याला येत नाही. १५६६ मध्ये मूर्तिभंजकांच्या दंगलीत ते मनोऱ्यात लपवलं गेलं. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्यानं मधले फलक पॅरिसला नेले. ते परत आले, पण पाठोपाठ बाजूचे फलक विकले गेले आणि फिरत फिरत बर्लिनला पोचले. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात ते जर्मनीकडून परत घेतले गेले. १९३४ मध्ये एका रात्री ‘न्यायी न्यायाधीश’ हा फलक चोरीला गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. त्या जागी नक्कल बसवलेली आहे. नंतर नाझींनी सगळंच उचललं आणि १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीतून अमेरिकी सैन्यानं ते बाहेर काढलं. इतकी पळवापळवी सोसलेल्या चित्राला सर्वांत मोठा बदल मात्र चोरांनी केला नव्हता. तो केला होता त्याची काळजी घेणाऱ्यांनी.

ऑक्टोबर २०१२ मध्ये बेल्जियमच्या सांस्कृतिक वारसा संस्थेनं या वेदीचं संवर्धन हाती घेतलं. फलक टप्प्याटप्प्यानं गेन्टच्या कलासंग्रहालयात नेले, काचेच्या भिंतीमागे ठेवले. येणाराजाणारा उभा राहून काम बघू शकत होता. बेत साधा होता. पिवळं पडलेलं वार्निश उतरवायचं, सुटलेले रंग चिकटवायचे, एवढाच. वार्निश उतरलं तेव्हा लक्षात आलं की वेदी मिटल्यावर दिसणाऱ्या बाहेरच्या फलकांचा जवळजवळ ७० टक्के पृष्ठभाग फान आइकचा नाहीच. त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचे रंग आहेत, तेही शेकडो वर्षांपूर्वीचे.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? आधीच्या पिढ्यांतले अभ्यासक काही आंधळे नव्हते, एक्स-रेही काढून झाले होते. पण वरचा रंग चढवणाऱ्यांनी मूळ आकार इमानदारीनं पाळले होते. घडीवर घडी, बाहीवर बाही. शिवाय हा रंगही चारशे-साडेचारशे वर्षं जुना झालेला. खालच्या रंगाबरोबर तोही तडकला, त्याच भेगा दोन्हींतून आरपार गेल्या. जुनेपणाची जी जी खूण शोधायची ती त्याच्या अंगावर होतीच. शेवटी उपयोगी पडलं एक नवं यंत्र. ते चित्रावरून इंचाइंचानं फिरतं आणि कुठल्या जागी कुठलं मूलद्रव्य आहे याचे नकाशे काढतं: इथे शिसं, इथे तांबं, इथे पारा. वरून एकसारख्या दिसणाऱ्या रंगाखाली दुसऱ्याच जातीचा रंग आहे, हे या नकाशांनी दाखवून दिलं.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०१६ ते २०१९ या काळात, मधला कोकराचा फलक हाती आला. सूक्ष्मदर्शकाखाली, स्काल्पेलच्या टोकानं वरचा रंग कणाकणानं निघू लागला. १५५० मध्ये लान्सलॉट ब्लॉन्डेल आणि यान फान स्कोरेल या दोन चित्रकारांनी वेदीची दुरुस्ती केल्याची नोंद आहे. कोकराचा चेहरा बदलला तो त्याच सुमारास. तो चेहरा सौम्य होता. रुंद कपाळ, दोन बाजूंना गेलेले डोळे, शेतावर दिसावं तसं निरुपद्रवी कोकरू. त्याखालून निघालेलं फान आइकचं कोकरू समोर बघतं. डोळे माणसासारखे पुढे रोखलेले, नाकपुड्या ठसठशीत, ओठ गुलाबी आणि मिटलेले. बघणाऱ्याच्या नजरेला ते नजर देतं आणि ती काढून घेत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नव्या-जुन्या चेहऱ्यांचे फोटो शेजारीशेजारी ठेवून समाजमाध्यमांवर फिरू लागले आणि हसण्याचा पूर लोटला. अनेकांना वाटलं, चित्र बिघडवलं. त्यांच्या डोळ्यांसमोर स्पेनमधल्या बोर्हा गावची गोष्ट होती. २०१२ मध्ये एका वयस्क भाविक बाईंनी तिथल्या चर्चमधला ख्रिस्ताचा चेहरा आपल्या हातानं ‘दुरुस्त’ केला आणि जगभर चेष्टा झाली. गेन्टमध्ये घडलं होतं नेमकं उलट. त्याच वर्षी अँटवर्प विद्यापीठ आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टच्या संशोधकांनी रासायनिक नकाशांच्या आधारे दाखवून दिलं, की रोखलेले डोळे आणि त्या नाकपुड्या मूळ चित्रकाराच्याच आहेत. लोक हसत होते ते फान आइकलाच.

मला वाटतं, सोळाव्या शतकातल्या त्या दोघांनाही हेच खटकलं असावं. जनावराच्या तोंडावर माणसाची नजर नको. शंभर-सव्वाशे वर्षांत अभिरुची बदलली होती, आणि त्यांनी कोकराला कोकरासारखं केलं. पण हे कोकरू भक्तासाठी काढलेलं होतं. ते देव होतं, त्यानं बघणं अपेक्षितच होतं. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचा पिढ्यानपिढ्यांचा शेंदराचा जाड थर उतरवला गेला आणि आतली कोरीव मूर्ती समोर आली. आजी-पणजीनं ज्या रूपापुढे हात जोडले ते रूप खरं, की शिल्पकारानं घडवलेलं? शेंदूर लावणारे हातही भक्तीचेच होते. गेन्टमध्ये हाच प्रश्न तज्ज्ञांच्या समितीपुढे होता, आणि त्यांनी चित्रकाराच्या बाजूनं कौल दिला.

आता १९५१ च्या त्या थांबण्याकडे. त्या काळी वरचा रंग कुठे संपतो आणि खालचा कुठे सुरू होतो हे चेहऱ्यासारख्या नाजूक जागी ओळखण्याची साधनं नव्हती. घाई केली असती तर खरवडताना वरच्याबरोबर खालचंही गेलं असतं. त्याऐवजी त्यांनी एक विचित्र, अर्धवट, चार कानांचं जनावर मागे ठेवलं आणि लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू दिलं. साठ-पासष्ट वर्षांनी ज्यांच्या हाती साधनं आली त्यांना खाली चित्र जवळजवळ शाबूत मिळालं, त्यात या अर्धवटपणाचा वाटा मोठा आहे.

चित्रसंवर्धनाचा विषय निघाला की लोकांना जादूची अपेक्षा असते. कापसाचा बोळा फिरला आणि काळवंडलेल्या गालावर लाली आली, असे व्हिडिओ आपण सगळेच बघतो. प्रत्यक्षात बोळा सर्वांत शेवटी येतो. आधी चित्र अतिनील प्रकाशात धरतात. जुनं वार्निश हिरवट उजळतं आणि अलीकडे केलेली डागडुजी काळे डाग होऊन दिसते. एक्स-रे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगापाशी अडतात, म्हणून खाली दडलेल्या उजळ आकृत्या त्यात उमटतात. इन्फ्रारेड किरण बहुतेक रंगांतून आत जातात आणि कोळशाच्या रेषांपाशी थांबतात. रंग लावण्याआधी चित्रकारानं काय रेखाटलं होतं आणि कुठे मत बदललं, ते त्यांतून कळतं. या सगळ्याहून मला आवडते ती एक जुनी रीत. चित्राच्या कडेचा टाचणीच्या टोकाएवढा कण घ्यायचा, राळेत बसवायचा, घासून त्याची बाजू उघडी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. थरांवर थर दिसतात, आणि कुठला आधी, कुठला नंतर यात वादाला जागा राहत नाही.

अशाच एका कणानं वर्मीरवर लिहिलेली कितीतरी पानं जुनी करून टाकली.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या संग्रहालयात योहानेस वर्मीरचं एक चित्र आहे. उघड्या खिडकीपाशी एक मुलगी पत्र वाचते आहे. १६५७ ते १६५९ च्या दरम्यानचं. सॅक्सनीच्या शासकानं ते १७४२ मध्ये घेतलं ते रेम्ब्राँचं म्हणून. वर्मीरचं नाव त्याला मिळायला एकोणिसावं शतक अर्धं उलटावं लागलं. मुलीच्या मागे मोठी रिकामी भिंत होती. तिच्या एकटेपणाचं सगळं वजन त्या भिंतीवर आहे असं आपण मानत होतो. १९७९ मध्ये एक्स-रे काढला तेव्हा भिंतीत एक प्रेमदेवता दिसली, हातात धनुष्य घेतलेला उघडा क्युपिड, चौकटीतल्या मोठ्या चित्राच्या रूपात टांगलेला. तरी कुणी फारसं अस्वस्थ झालं नाही. वर्मीरनंच तो काढला, वर्मीरलाच तो नकोसा झाला आणि त्यानंच तो पुसला, असा अर्थ लावला गेला. उलट चित्रकाराच्या संयमाचा तो पुरावाच ठरला.

२०१७ मध्ये संवर्धन सुरू झालं. ख्रिस्टोफ शोल्त्सेल यांना वार्निश उतरवताना भिंतीचा रंग आजूबाजूहून वेगळा वागताना दिसला. कण तपासले. क्युपिडचा रंग आणि त्याच्यावरचा भिंतीचा रंग यांच्या मध्ये वार्निशचा थर होता, आणि त्यावर धूळ-मळ. चित्र पूर्ण झालं, वार्निश झालं, कुठल्यातरी भिंतीवर टांगलं गेलं, अनेक वर्षं मळलं, आणि मग कुणीतरी क्युपिड बुजवला, असा हा क्रम. वर्मीर १६७५ मध्ये वारला. बुजवणारा हात त्याचा नव्हता. भिंतीचा रंगही थोडा गडद घोटलेला होता, कारण बुजवणाऱ्याला तो तोवर पिवळ्या पडलेल्या वार्निशशी जुळवायचा होता.

संग्रहालयानं तज्ज्ञांची समिती बसवली, आणि वरची भिंत स्काल्पेलनं काढायचं ठरलं. २०१९ मध्ये अर्धा उघडलेला क्युपिड लोकांना दाखवला, २०२१ मध्ये पूर्ण चित्र. आता मुलीच्या डोक्यामागे प्रेमदेवता उभी आहे आणि तिच्या पायाखाली मुखवटे तुडवले जात आहेत. खोटेपणा पायदळी, असा त्याचा रूढ अर्थ. हातातलं पत्र कसलं हे आता विचारावं लागत नाही.

याच चित्रात उजव्या बाजूच्या हिरव्या पडद्याखाली वाईनचा एक मोठा काचेचा पेला दडलेला आहे. तो मात्र वर्मीरनंच बुजवला, काम चालू असताना, ओल्या विचारात. म्हणून पेला झाकलेलाच ठेवला आणि क्युपिड उघडला. पुसलेल्या दोन गोष्टी, एकाच चित्रात. त्यांतली एक चित्रकाराचा निर्णय आणि दुसरी कुणा मालकाची आवड, हे ठरवलं ते मळाच्या एका थरानं.

खरं सांगायचं तर मला ती रिकामी भिंत आवडत असे. छापील चित्रात ती बघत वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांना आजचं चित्र जरा गजबजलेलं वाटतं. पण माझी आवड हा पुरावा नाही. रिकाम्या भिंतीतली जी शांतता आपण वर्मीरच्या खात्यावर जमा केली होती ती कुणा अनामिक रंगाऱ्याची होती, आणि ती चांगली होती, एवढं त्याला द्यायला हरकत नाही.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयातली गोष्ट याहून गमतीची. हेन्ड्रिक फान अँथोनिसेन या डच चित्रकाराचं साधारण १६४१ मधलं, स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्याचं चित्र १८७३ पासून तिथे होतं. ढगाळ हवा, गार वाळू, आणि किनाऱ्यावर माणसांची गर्दी. गर्दी कशासाठी, कुणाला माहीत नव्हतं. समुद्राकडे तोंड करून लोक उभे होते, बस्स. २०१४ मध्ये एक विद्यार्थिनी वार्निश आणि वरचा रंग उतरवत होती. क्षितिजापाशी आधी हवेत तरंगणारा माणूस निघाला. मग शिडासारखं काहीतरी. शीड म्हणावं तर त्याला होडी नव्हती. तो माशाचा पर निघाला, आणि पाठोपाठ वाळूवर पडलेला अख्खा देवमासा. तरंगणारा माणूस त्याच्या पाठीवर उभा होता. बहुधा अठराव्या शतकात कुणाला दिवाणखान्यात मेलेलं जनावर नको वाटलं असेल, किंवा व्यापाऱ्याला वाटलं असेल की असं चित्र विकलं जाणार नाही. मासा गेला, बघणारे राहिले.

पुसणाऱ्यांचे हेतू असे घरगुती असतात. मृत मासा नको, उघडा देव नको, कोकराची नजर नको. कटकारस्थानं कादंबऱ्यांतच.

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या मोनालिसाचं तसंच. तिथे एक मोनालिसा आहे. १६६६ च्या राजवाड्याच्या यादीत तिची नोंद सापडते. असंख्य नकलांतली एक म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण तिच्या मागची पार्श्वभूमी काळीकुट्ट होती. २०१२ मध्ये पॅरिसच्या लूव्ह्रमधल्या एका प्रदर्शनासाठी तिची तपासणी आणि सफाई झाली. काळा रंग अठराव्या शतकात कुणीतरी फासलेला निघाला, आणि खाली निळसर डोंगर, वळणावळणाची वाट, पाणी, सगळं लिओनार्दोच्या चित्रातलं. पण मोठी बातमी इन्फ्रारेडमध्ये होती. नक्कल करणारा पूर्ण झालेल्या चित्रावरून उतरवतो. मूळ चित्रकारानं वाटेत काय बदललं ते त्याला दिसत नाही. इथे खालच्या रेखाटनात लिओनार्दोनं केलेले बदल त्या त्या जागी होते. म्हणजे हा कुणी शिष्य गुरूच्या शेजारी बसून, गुरूनं खोडलं की खोडत, गुरूनं सरकवलं की सरकवत चित्र काढत होता. आजवर आपण लिओनार्दोच्या कार्यशाळेची नुसती कल्पना करत होतो. ती दोन फळ्यांमध्ये, एक पॅरिसला आणि एक माद्रिदला, अशी जपलेली आहे.

माद्रिदच्या मोनालिसाच्या बाह्या तांबड्या आहेत, भुवया स्पष्ट आहेत, त्वचेला तजेला आहे. लूव्ह्रमधली हिरवट-पिवळ्या वार्निशखाली आहे. मग तीही धुवा, अशी मागणी अधूनमधून होते. माझं मत विचाराल तर नको. लिओनार्दोनं तिच्या गालावर रंगाचे इतके पातळ थर दिले आहेत की ते सगळे मिळूनही मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाइतके जेमतेम भरतात. वार्निश उतरवताना त्यातला शेवटचा थर कुठे संपतो हे सांगणारं यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर बहीण आहे माद्रिदला, तिला पाहून यावं.

या व्यवसायात हात जास्त चालला तर काय होतं याचं उदाहरण म्हणून लिओनार्दोच्याच नावावर खपलेल्या ‘साल्व्हाटोर मुंडी’कडे बोट दाखवता येईल. २००५ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात ते १,१७५ डॉलरना घेतलं गेलं; वर इतके रंग चढले होते की कुणी ढुंकून पाहत नव्हतं. सफाईत अंगठ्याची चित्रकारानं बदललेली जागा सापडली, म्हणून अस्सलपणाची आशा वाढली. पण खालचं चित्र पार झिजलेलं होतं आणि कितीतरी भाग संवर्धिकेला भरून काढावा लागला. २०१७ मध्ये ते ४५ कोटी डॉलरना विकलं गेलं. ते किती लिओनार्दोचं आणि किती एकविसाव्या शतकातलं, हा वाद अजून मिटलेला नाही. मला तो मिटेल असं वाटत नाही.

आपल्याकडे या सगळ्याची आठवण करून देणारी जागा जुन्या गोव्यात आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय झुआंव द कास्त्रो यानं १५४७ मध्ये आधीच्या सगळ्या राज्यपालांची चित्रं करवून घेतली. रेखाटनांना मदत केली गास्पार कोरैया या बखरकारानं, कारण त्यानं ती माणसं प्रत्यक्ष पाहिली होती. रंगवली इथल्याच एका चित्रकारानं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. नंतरच्या शतकांत दमट हवेनं फळ्या खराब होत गेल्या आणि दर दुरुस्तीत चेहरे पुन्हा पुन्हा रंगवले गेले. पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आज त्यांच्यापुढे उभं राहिलं की आपण नेमक्या कितव्या चेहऱ्याकडे बघतो आहोत हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही. त्या अनाम गोमंतकीय चित्रकाराचा हात कुठेतरी खाली आहे.

आणि मग अजिंठा. इथली गोष्ट मनाला जास्त लागते, कारण इथे नुकसान केलं ते उत्तम माणसांनी, उत्तम हेतूनं.

२८ एप्रिल १८१९ या दिवशी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीवर असताना लेण्यांपाशी पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या रंगीत खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. मग नकला काढणारे आले. मेजर रॉबर्ट गिलनं १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून केलेली चित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून डोंगरात मुक्काम ठोकत. त्यांच्याही कामाचा बराच भाग १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. नकला अशा गेल्या. भिंतींवर मात्र नकला काढणाऱ्यांची एक खूण राहिली. मळलेले रंग उठून दिसावेत म्हणून त्यांच्यातल्या काहींनी चित्रांवर वार्निश फासलं होतं.

लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी हे व्यासंगी गृहस्थ. अजिंठ्यावरचे त्यांचे चार खंड आजही चाळले जातात. पोपडे सुटत होते, काहीतरी करणं भाग होतं. जगात भित्तिचित्रं सांभाळण्यात इटालियनांचा हात धरणारं कुणी नाही, असा तेव्हा समज होता आणि तो खोटाही नव्हता. म्हणून प्राध्यापक लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं गेलं. १९२० ते १९२२ या काळातल्या हिवाळ्यांत त्यांनी सुटलेले पोपडे बसवले, कडा बांधल्या. ते झालं नसतं तर कितीतरी चित्रं जमिनीवर पडून माती झाली असती, हे आधी कबूल करायला हवं. पण त्याचबरोबर त्यांनी भिंतींवर लाखेचा लेप दिला.

इटलीतली भित्तिचित्रं ओल्या चुन्यावर काढलेली असतात, रंग चुन्यात मुरून भिंतच होऊन जातो. अजिंठ्याचा गिलावा मातीचा. चिखल, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू, वर पातळ पांढरी, आणि सुक्या पृष्ठभागावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. अशा भिंतीला पावसाळ्यात ओल घेऊन उन्हाळ्यात ती सोडायची असते. लाखेनं तोंड बंद केलं. काही दशकांत लाख पिवळी, मग तपकिरी झाली, आकसली आणि आकसताना रंगाचे पोपडे ओढू लागली. तिच्यावर वटवाघळांची घाण आणि धूळ बसली. आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी अजिंठ्याचा म्हणून जो उबदार, पिवळसर, संध्याकाळचा रंग मनात साठवला, त्यातला बराचसा लाखेचा होता. त्या रंगावर भाळून लिहिलेलं मीही आवडीनं वाचलं आहे.

गेल्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी, त्यांत राजदेव सिंह यांचं नाव आधी घ्यायला हवं, हा लेप उतरवायला घेतला. नववं आणि दहावं ही लेणी सर्वांत जुन्यांतली. तिथल्या भिंतींवरची काही चित्रं इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली, सातवाहन काळातली. आणि काजळी, लाख, मळ यांनी सर्वांत जास्त काळवंडली होती तीच. दहाव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची, षड्दंत जातकाची कथा आहे. सफाईनंतर तिथे माणसं दिसू लागली: डोक्याला गुंडाळलेली पागोटी, कानांत जड अलंकार, एकमेकांकडे वळून बोलणारे चेहरे. भारतात ओळखता येतील इतके जुने रंगवलेले चेहरे याआधीचे फारसे नाहीत. पाचव्या शतकातल्या चित्रकारांनी याच लेण्याच्या खांबांवर नंतर बुद्ध रंगवले. एकाच दालनात साडेपाचशे-सहाशे वर्षांचं अंतर आहे, आणि ते रंगांतही दिसतं. उत्तरकालीन लेण्यांत अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा निळा आहे. जुन्या चित्रांत तो नाही.

सगळी लाख निघालेली नाही, आणि निघूही नये असं मला वाटतं. जिथे तिच्याखाली रंग घट्ट आहे तिथेच ती काढणं शहाणपणाचं. जिथे लाखच पोपडा धरून आहे तिथे हात आवरावा. जॉन स्मिथचं नाव खांबावर आहे तसंच ठेवलेलं आहे. तो गुन्हाच होता, पण आता दोनशे वर्षांचा झाला. तिकडे गेन्टमध्ये वरच्या रांगेतल्या फलकांचं काम २०२३ मध्ये सुरू झालं. आधी झालेले फलक कॅथीड्रलमध्ये काचेत पाहता येतात.

अजिंठ्याला जाणार असाल तर सोमवारी लेणी बंद असतात, ते लक्षात ठेवा. बहुतेक जण पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून, फोटो काढून, उरलेल्या लेण्यांतून झरझर चालत जातात. दहाव्यात थांबा. फ्लॅश मारू नका, तो चालत नाहीच. डोळे अंधाराला सरावायला वेळ द्या. मग उजव्या भिंतीकडे वळा आणि हत्ती शोधा.